तळणीच्या आकाशातला साठ लाख मैलांचा किरण : अ‍ॅनी मॉन्डर यांची जीवनकथा

अल खर्ज : वऱ्हाडातील धामणगाव आणि वर्धा नदीपलीकडील पुलगाव यांच्या दरम्यान तळणी नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील बहुतेक प्रवाशांना ते खिडकीतून कधी सरकून गेले हे कळतही नाही. शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावस्येच्या दुपारी, याच तळणीच्या परिसरात एका स्त्रीने अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाच्या कॅमेऱ्याने खग्रास सूर्यग्रहण टिपले. त्या काचेच्या प्लेटवर सूर्यापासून सुमारे साठ लाख मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर, दूर गेलेला किरण उमटला. सूर्यकिरीटाचा इतका लांब किरण तोपर्यंत कोणत्याही छायाचित्रात आलेला नव्हता. त्या दिवशी भारतात शासकीय वेधशाळांची मोठमोठी उपकरणे उभी होती. विक्रम मात्र ज्या कॅमेऱ्याच्या नावावर नोंदला गेला, तो मुळात ग्रहणासाठी नव्हे, तर रात्रीच्या आकाशातील आकाशगंगेची छायाचित्रे घेण्यासाठी विकत घेतलेला होता. त्याच्या मालकीण अ‍ॅनी मॉन्डर या त्या वेळी कोणत्याही वेधशाळेच्या नोकरीत नव्हत्या. विवाह केल्यामुळे त्यांना दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडावी लागली होती.

आज डिजिटल कॅमेरा आणि तिपाई घेऊन सुटीच्या आदल्या रात्री शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराच्या पूर्वसूरींत अ‍ॅनी मॉन्डर यांची गणना करावी लागेल. मंद प्रकाश साठवण्यासाठी शटर किती काळ उघडे ठेवायचे, भिंग कोणते निवडायचे आणि ढगांपुढे हात टेकावे लागले तर पुन्हा कोठे उभे राहायचे, हे प्रश्न त्यांनी काचेच्या प्लेटांच्या काळात सोडवले. त्याचबरोबर हौशी हा शब्द त्यांच्या वाट्याला निवडीने नव्हे, तर नियमाने आला होता. त्यामुळे त्यांचे चरित्र केवळ छायाचित्रणाचे चरित्र राहत नाही.

स्ट्रबेन ते केंब्रिज

अ‍ॅनी स्कॉट डिल रसेल यांचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील टायरोन परगण्यात, स्ट्रबेन या गावी झाला. वडील विल्यम रसेल हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात संपत्ती बेताची होती, परंतु शिक्षणाविषयी आदर मोठा होता आणि तो मुलींच्या बाबतीतही तितकाच होता. बेलफास्ट येथील मुलींच्या नामांकित विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. गणितातील प्रावीण्याच्या बळावर १८८६ मध्ये त्यांना केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला.

केंब्रिजच्या गणित परीक्षेत, जिला ट्रायपॉस म्हणतात, १८८९ मध्ये त्या सीनियर ऑप्टिमे या श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. गर्टनच्या त्या वर्षीच्या विद्यार्थिनींत त्यांचे स्थान सर्वांत वरचे होते. मात्र त्यांना पदवी मिळाली नाही. स्त्रियांनी व्याख्यानांस बसावे, परीक्षा द्यावी, गुणही मिळवावेत, परंतु पदवी मागू नये, असा त्या विद्यापीठाचा नियम होता. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास प्रारंभ केला तो १९४८ मध्ये. अ‍ॅनी यांचे निधन त्याच्या एक वर्ष आधी झाले.

ग्रीनिचमधील चार पौंडांची नोकरी

शिक्षण संपल्यावर त्यांनी जर्सी बेटावरील मुलींच्या शाळेत काही काळ अध्यापन केले. त्याच सुमारास ग्रीनिचच्या राजवेधशाळेत एक नवा प्रयोग सुरू झाला होता. राजज्योतिर्विद विल्यम क्रिस्टी यांना गणनाकामासाठी मनुष्यबळ हवे होते आणि निधी तुटपुंजा होता. त्यामुळे गणितात उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना गणक म्हणून नेमण्याचे त्यांनी ठरवले. एरवी ही कामे शाळा सोडून आलेली किशोरवयीन मुले करीत. अ‍ॅनी यांची गर्टनमधील मैत्रीण अ‍ॅलिस एव्हरेट या प्रयोगात आधीच दाखल झाली होती. अ‍ॅनी १ सप्टेंबर १८९१ रोजी तेथे रुजू झाल्या. वेतन होते महिन्याला ४ पौंड. शिक्षिकेच्या मिळकतीपेक्षाही ते कमी होते.

त्यांची नेमणूक सौर विभागात झाली. या विभागाचे काम ऐकायला सोपे, करायला कंटाळवाणे आणि परिणामाने फार मोठे होते. आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे छायाचित्र घ्यायचे, प्लेट धुवायची, तिच्यावरील प्रत्येक सौरडागाचे स्थान आणि क्षेत्रफळ मोजायचे आणि ते कोष्टकात नोंदवायचे. याशिवाय रात्रीच्या वेधांचे कामही स्त्री गणकांना करावे लागे. थंडीत, अंधारात, घुमटाच्या उघड्या झरोक्याखाली ताठ उभे राहून घटका मोजण्याची सवय त्यांना येथे जडली. १८९२ मध्ये सूर्यावर प्रचंड डागांचे समूह प्रकटले आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळे झाली. सूर्यावरील घडामोडी आणि पृथ्वीवरील होकायंत्राची थरथर यांच्यातील नाते त्या वर्षी त्यांनी रोजच्या कामातून पाहिले. हा विषय पुढे आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिला.

सौर विभागाचे प्रमुख एडवर्ड वॉल्टर मॉन्डर हे होते. त्यांनी १८९० मध्ये ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. स्त्रियांना तेथे पहिल्या दिवसापासून मुक्तद्वार होते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे तसे नव्हते. १८९२ मध्ये एलिझाबेथ ब्राउन, अ‍ॅलिस एव्हरेट आणि अ‍ॅनी रसेल या तिघींची नावे सदस्यत्वासाठी सुचवली गेली, परंतु मतदानात त्यांना पुरेशी मते मिळाली नाहीत. तीच दारे उघडण्यास पुढे चोवीस वर्षे लागली. अ‍ॅनी यांनी दुसऱ्या दाराने प्रवेश केला. १८९४ पासून त्या असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादक झाल्या.

विवाह आणि राजीनामा

वॉल्टर मॉन्डर विधुर होते, अ‍ॅनी यांच्याहून सतरा वर्षांनी मोठे होते आणि पहिल्या विवाहापासून त्यांना मुले होती. २८ डिसेंबर १८९५ रोजी दोघांचा विवाह झाला. ब्रिटिश शासकीय सेवेच्या तेव्हाच्या नियमानुसार विवाहित स्त्रीस नोकरीत राहता येत नसे. वॉल्टर यांच्या पदावर विवाहाचा कोणताही परिणाम झाला नाही. अ‍ॅनी यांना मात्र राजीनामा द्यावा लागला. हा नियम ब्रिटनच्या शासकीय सेवेतून १९४६ मध्ये हटवला गेला.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, केंब्रिजचे गणित आणि ग्रीनिचमधील चार वर्षांचा अनुभव पदरी असताना, त्या अधिकृत अर्थाने व्यावसायिक राहिल्या नाहीत. पतीच्या नेमणुकीमागे देश बदलल्यामुळे स्वतःची पदवी आणि अनुभव कपाटात ठेवावा लागलेल्या स्त्रिया आज परदेशातील मराठी कुटुंबांतही अनेक आढळतात. अ‍ॅनी यांच्या पुढच्या पन्नास वर्षांकडे त्या दृष्टीनेही पाहता येते. वेधशाळेचे मोठे दुर्बीणयंत्र त्यांच्या हाती राहिले नव्हते. सोबत होती ती नजर, गणित आणि घरातल्या टेबलावर मोजता येतील अशा प्लेटा. त्यांनी आपले क्षेत्र त्याप्रमाणे बेतून घेतले. ज्या वेधांना मोठ्या दुर्बिणीऐवजी योग्य भिंग आणि योग्य ठिकाण लागते, असे वेध त्यांनी निवडले. ग्रहणे आणि आकाशगंगा ही दोन्ही या वर्गात येतात.

पहिला अनुभव निराशेचा होता. ९ ऑगस्ट १८९६ च्या खग्रास ग्रहणासाठी असोसिएशनची मोहीम नॉर्वेतील वाडसो येथे गेली. मॉन्डर दांपत्य त्या मोहिमेत होते. ऐन वेळी ढग आले आणि शेकडो मैलांचा प्रवास वाया गेला.

आकाशगंगेसाठी घेतलेला कॅमेरा

१८९७ मध्ये गर्टन महाविद्यालयाने अ‍ॅनी यांना संशोधनासाठी फायफर अनुदान दिले. त्यातून त्यांनी डॉलमायर या प्रसिद्ध कंपनीचे दीड इंच व्यासाचे, आखूड नाभीय अंतराचे भिंग असलेला कॅमेरा घेतला. उद्देश होता आकाशगंगेचे छायाचित्रण.

या निवडीमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. ताऱ्यांसारख्या बिंदुवत वस्तूंसाठी मोठ्या व्यासाचे भिंग लाभदायक ठरते. परंतु आकाशगंगा, तेजोमेघ किंवा सूर्यकिरीट या पसरट वस्तू आहेत. त्यांची प्रतिमा प्लेटवर किती उजळ पडेल हे भिंगाच्या केवळ व्यासावर नव्हे, तर व्यास आणि नाभीय अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते. आजचे छायाचित्रकार ज्याला एफ क्रमांक म्हणतात तो हाच. लांब दुर्बीण पसरट वस्तूची मोठी पण फिकट प्रतिमा देते. आखूड भिंग लहान पण दाट प्रतिमा देते आणि आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच चौकटीत आणते. अमेरिकेत एडवर्ड बार्नार्ड यांनी १८८९ मध्ये लिक वेधशाळेत हेच दाखवून दिले होते. व्यक्तिचित्रांसाठी बनवलेल्या जुन्या भिंगाने त्यांनी आकाशगंगेतील ताऱ्यांचे ढग आणि त्यांमधील काळ्या वाटा टिपल्या होत्या. बार्नार्ड हे लहानपणी नॅशव्हिल येथील छायाचित्रण स्टुडिओत काम केलेले गृहस्थ होते. त्यामुळे भिंगाचा स्वभाव त्यांना पुस्तकाबाहेरून ठाऊक होता.

दुसरी गोष्ट काळाची. मानवी डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. तासभर टक लावून पाहिले तरी दिसायचे तेवढेच दिसते. प्लेट मात्र प्रकाशाचा कण न् कण साठवते. म्हणून शटर दीर्घकाळ उघडे ठेवले की डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी तिच्यावर उमटतात. परंतु पृथ्वी थांबत नाही. आकाश तासाला १५ अंशांनी सरकते आणि स्थिर कॅमेऱ्यातील तारे बिंदूऐवजी रेघा होतात. त्यासाठी कॅमेरा घड्याळी यंत्रणेवर बसवून आकाशाच्या गतीने फिरवावा लागे आणि एखाद्या मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून तासन् तास त्याची चूक सुधारत राहावे लागे. आजही २४ मिलिमीटरच्या भिंगाने फिरत्या बैठकीशिवाय छायाचित्र घ्यायचे असेल, तर पाचशेला नाभीय अंतराने भागून सुमारे वीस सेकंदांची मर्यादा काढण्याची रूढ पद्धत आहे. नियम नवा असला तरी त्यामागील अडचण अ‍ॅनी यांच्या काळातलीच आहे.

वऱ्हाडातील दोन मिनिटे

१८९८ च्या ग्रहणाचा मार्ग कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरून ईशान्येकडे गंगेच्या मैदानापर्यंत जात होता. महाराष्ट्रासाठी तो काळ कठीण होता. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर चालू होता आणि १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ ताजी होती. अशा वेळी जगभरातून वैज्ञानिकांच्या तुकड्या मुंबई बंदरात उतरल्या आणि रेल्वेने आपापल्या ठिकाणी पांगल्या. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर गेले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल हेही तेथेच होते. पुलगावात न्यूअल आणि कॅप्टन हिल्स, तर शहाडोल येथे राजज्योतिर्विद क्रिस्टी स्वतः होते. असोसिएशनच्या हौशी मंडळींची एक तुकडी बक्सरला आणि दुसरी तळणीला गेली. तळणीच्या तुकडीत मॉन्डर दांपत्याखेरीज जॉन एव्हरशेड होते. तेही त्या वेळी हौशी अभ्यासकच होते. पुढे ते कोडईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

याच महाराष्ट्रात त्या दशकात आकाशाचा विचार वेगळ्या अंगानेही चालला होता. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तळणीच्या तंबूतील काचेच्या प्लेटा आणि पुण्यातील हे ग्रंथ यांची त्या वेळी गाठ पडली नाही, पण काळ एकच होता.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती. सूर्यकिरीटाचे छायाचित्रण हा या विद्येतील सर्वांत अवघड प्रकार मानला जातो. कारण किरीटाचा सूर्यालगतचा भाग आणि बाहेरचा भाग यांच्या तेजात प्रचंड तफावत असते. शटर क्षणभर उघडले तर आतील तपशील मिळतो आणि बाहेरचे काहीच येत नाही. जास्त वेळ उघडले तर आतील भाग जळून पांढरा होतो आणि आकाशाची स्वतःची मंद उजळी प्लेट धूसर करू लागते. त्या काळी बहुतेक तुकड्या लांब नळीच्या दुर्बिणींनी किरीटाचा आतील भाग मोठा करून टिपण्याच्या मागे होत्या. अ‍ॅनी यांनी उलट बाजूने विचार केला. आकाशगंगेसाठी घेतलेला विस्तीर्ण दृष्टिक्षेत्राचा कॅमेरा बाहेरच्या फिकट भागासाठीच योग्य होता. प्लेटवर सूर्यबिंब अवघ्या काही मिलिमीटरचे आले तरी चालणार होते, कारण शोध बिंबाचा नव्हे, त्याच्या भोवतीच्या अंधारातील प्रकाशाचा होता.

वॉल्टर यांची उपकरणे वेगळी होती आणि अ‍ॅनी आपला कॅमेरा स्वतंत्रपणे चालवत होत्या. आकाश निरभ्र राहिले. प्लेटा धुतल्यावर त्यांतून जो किरण स्पष्ट झाला तो सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट अंतरापर्यंत गेलेला होता. आकाशात मोजायचे तर ते अंतर पावणेचार अंशांच्या आसपास भरते. म्हणजे सूर्याची सात बिंबे एकापुढे एक ठेवावीत इतके.

या प्लेटेचे महत्त्व केवळ विक्रमापुरते नव्हते. १८७८ च्या ग्रहणात अमेरिकेतील पाइक्स शिखरावरून सॅम्युअल लँगली यांनी नुसत्या डोळ्यांनी फार लांबवर गेलेला किरीट पाहिल्याचे नोंदवले होते. परंतु डोळ्यांनी पाहून काढलेली चित्रे एकमेकांशी जुळत नसत आणि छायाचित्रांत तसे काही येत नसल्यामुळे हा दृष्टिभ्रम असावा अशी शंका कायम होती. तळणीच्या प्लेटेने निदान एवढे सिद्ध केले की सूर्याचे वातावरण बिंबापासून लाखो मैल दूर, अरुंद आणि सरळ किरणांच्या रूपाने पसरते. सूर्यापासून काहीतरी बाहेर, ठरावीक दिशांनी जाते, या कल्पनेला त्यामुळे दृश्य आधार मिळाला. पुढे विसाव्या शतकात सौर वाऱ्याची जी संकल्पना उदयास आली, तिच्या पूर्वइतिहासात या छायाचित्राला म्हणूनच स्थान आहे.

फुलपाखराच्या पंखांवर दोन नावे

यानंतर मॉन्डर दांपत्याने १९०० चे ग्रहण अल्जियर्स येथून आणि १९०१ चे मॉरिशस येथून टिपले. १९०५ मध्ये कॅनडा सरकारच्या निमंत्रणावरून ती दोघे लाब्राडॉरला गेली आणि तेथे पुन्हा ढगांनी घात केला. वाडसो आणि लाब्राडॉर ही दोन्ही टोके जमेस धरली की हौशी आकाश-छायाचित्रकाराचा हिशेब पूर्ण होतो. पाचांपैकी तीन वेळा आकाश प्रसन्न झाले.

घरी परतल्यावर काम चालूच होते. ग्रीनिचच्या सौरडागांच्या नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या होत्या. १९०४ मध्ये या नोंदींतून एक आकृती तयार झाली. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून किती दूर आहेत ते दाखवायचे. चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून दूर उगवतात आणि वर्षे जातात तसे ते विषुववृत्ताकडे सरकतात. कागदावर त्यातून पंख पसरलेल्या फुलपाखरांची रांग उमटते. आजही सौरभौतिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती फुलपाखरू आकृती या नावाने असते. दोघांनी मिळून संध्याकाळच्या फावल्या वेळात, एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने रेघा मारायच्या, अशा रीतीने सुमारे आठवड्याभरात ती पूर्ण केली होती. शोधनिबंध मात्र वॉल्टर यांच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्या मूळ आकृतीचा कागद अ‍ॅनी यांनी उतारवयात अमेरिकेत पाठवला आणि तो कोलोरॅडोतील बोल्डर येथील वेधशाळेत जतन झाला.

त्याच सुमारास वॉल्टर यांनी पृथ्वीवरील चुंबकीय वादळे सूर्याच्या सुमारे २७ दिवसांच्या भ्रमणकाळानुसार पुन्हा पुन्हा येतात हे दाखवले आणि त्यांचे कारण सूर्यावरून विशिष्ट दिशेने निघणारे अरुंद प्रवाह असावेत असे प्रतिपादन केले. तळणीच्या छायाचित्रातील सरळ, अरुंद किरण या विचाराच्या पाठीशी उभा होता.

अ‍ॅनी यांच्या स्वतंत्र नावाने १९०७ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. ग्रीनिचच्या नोंदींचे विश्लेषण करून त्यांनी दाखवले की सूर्याच्या पूर्व कडेने दृष्टीस पडणाऱ्या डागांची संख्या पश्चिम कडेने मावळणाऱ्या डागांपेक्षा अधिक भरते. सूर्याला पृथ्वीची दिशा ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही, तेव्हा ही विषमता कोठून येते, या प्रश्नावर पुढे बराच काळ चर्चा होत राहिली. १९०८ मध्ये ‘द हेवन्स अँड देअर स्टोरी’ हे सर्वसामान्यांसाठीचे पुस्तक दोघांच्या नावाने आले. त्यातील बहुतांश लेखन अ‍ॅनी यांचेच असल्याचे वॉल्टर यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने नमूद केले. पत्नीच्या श्रमांवर पतीचे नाव लागणे ही त्या काळची रीत होती. या दांपत्याच्या बाबतीत निदान पतीने ती रीत उघडपणे मोडून दाखवली.

युद्धाने परत दिलेली खुर्ची

वॉल्टर १९१३ मध्ये सेवानिवृत्त झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ग्रीनिचमधील पुरुष कर्मचारी रणांगणावर गेले. सौर विभागात अनुभवी माणसाची गरज निर्माण झाली आणि १९१५ मध्ये अ‍ॅनी पुन्हा त्याच वेधशाळेत, त्याच सौर विभागात आल्या. वीस वर्षांपूर्वी ज्या नियमाने त्यांना बाहेर काढले होते, तो नियम अजून अस्तित्वात होता. त्यामुळे त्या स्वयंसेवक म्हणून, विनावेतन काम करीत राहिल्या. १९२० पर्यंत हे काम चालले.

१९१६ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व खुले केले आणि त्याच वर्षी अ‍ॅनी यांची निवड झाली. १८९२ मध्ये नाकारल्या गेलेल्या तिघींपैकी एलिझाबेथ ब्राउन तोपर्यंत हयात नव्हत्या. अ‍ॅनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादनही १९१७ पासून पुन्हा त्यांच्याकडे आले आणि १९३० पर्यंत राहिले.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष प्राचीन ग्रंथांतील खगोलविषयक उल्लेखांकडे वळले. पौर्वात्य धर्मग्रंथांतील अशा उल्लेखांवर त्यांनी १९१५ मध्ये निबंध वाचला होता. नक्षत्रांची नावे कोणी, कोणत्या अक्षांशावरून पाहून ठेवली असतील, हा प्रश्न त्यांना छायाचित्रणाइतकाच आकर्षक वाटे. २१ मार्च १९२८ रोजी वॉल्टर यांचे निधन झाले. अ‍ॅनी त्यांच्यामागे एकोणीस वर्षे जगल्या. १५ सप्टेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

१६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. वॉल्टर यांनी त्याकडे वेळोवेळी लक्ष वेधले, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक एडी यांनी १९७६ मध्ये या कालखंडाला मॉन्डर किमान असे नाव दिले आणि हे आडनाव सर्वतोमुखी झाले. चंद्राच्या पलीकडील बाजूस असलेले मॉन्डर विवर पती-पत्नी दोघांच्या नावाने ओळखले जाते. खगोलशास्त्राच्या लोकप्रसारासाठी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आता अ‍ॅनी मॉन्डर पदक देते. २०१८ मध्ये ग्रीनिचला बसवलेल्या नव्या दुर्बीणसंचालाही त्यांचेच नाव देण्यात आले. जिथे त्यांना खुर्ची सोडावी लागली होती, त्याच आवारात आता त्यांच्या नावाने छायाचित्रे घेतली जातात.

आखातातील वाचकांसाठी

अ‍ॅनी यांना आकाशगंगेसाठी जे आकाश लाभले नाही, ते खाडी देशांत राहणाऱ्या मराठी माणसाला दाराबाहेर उपलब्ध आहे. आकाशगंगेचा केंद्रभाग, धनू राशीतील तो दाट उजळ पट्टा, लंडनच्या क्षितिजावर जेमतेम साडेनऊ अंश वर येतो आणि धुक्यातच विरतो. रियाधच्या आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या अल खर्जहून तोच भाग सुमारे ३७ अंश उंचीवर दिसतो. तळणीहून तो ४० अंशांवर जातो. अक्षांशांचा हा फरक कोणत्याही महागड्या भिंगाने भरून निघत नाही. गावाच्या दिव्यांपासून पुरेसे दूर, अमावस्येच्या आसपासच्या रात्री, धूळ खाली बसलेली असताना तिपाई रोवली, तर वीस सेकंदांत जे चित्र मिळते त्यासाठी व्हिक्टोरियन इंग्लंडमधील अभ्यासकाला तासन् तास मार्गदर्शक ताऱ्याकडे डोळा लावून बसावे लागे.

ग्रहणाच्या बाबतीतही हा भूभाग भाग्यवान आहे. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेवरून येऊन सौदी अरेबियाच्या पश्चिम भागातून जाते. जेद्दा येथे खग्रास अवस्था सुमारे सहा मिनिटे, तर मक्केत सुमारे पाच मिनिटे राहील. तळणीला मिळाली होती दोनच मिनिटे. अल खर्ज आणि रियाध येथे मात्र ग्रहण खंडग्रास असेल. त्यामुळे किरीट टिपायचा असेल तर पश्चिमेकडे प्रवास करावा लागेल. खग्रास अवस्थेचा काळ सोडून इतर वेळी डोळ्यांवर आणि भिंगावर प्रमाणित सौरगाळणी हवीच, हे वेगळे सांगावयास नको.

आजच्या संवेदकावर वेगवेगळ्या काळाची अनेक एक्स्पोजर घेऊन ती संगणकावर एकत्र करता येतात. त्यामुळे किरीटाचा आतील आणि बाहेरील भाग एकाच चित्रात आणणे शक्य झाले आहे. निर्णय मात्र अजूनही शटर दाबण्यापूर्वीच घ्यावे लागतात. काय टिपायचे, काय सोडायचे, बिंब मोठे हवे की अंधारातील किरण हवा, हे आधी ठरवावे लागते. अ‍ॅनी मॉन्डर यांनी तळणीत बिंब लहान राहू दिले आणि किरण निवडला. शासकीय वेधशाळांच्या मोठ्या दुर्बिणींना जे जमले नाही ते नोकरीबाहेर राहिलेल्या एका गणितज्ञ स्त्रीच्या दीड इंची भिंगाने त्या दुपारी टिपले. वऱ्हाडातील त्या लहानशा स्थानकावरून आजही रोज गाड्या जातात, आणि दर पौष अमावस्येला त्या घटनेला आणखी एक वर्ष पूर्ण होते.